वाटाड्या प्रथिन : हर्पिस कुळातील ‘यूएल ३६’ची रचना

कांजिण्या, नागीण आणि ताप उतरताना ओठाच्या कडेला फुटणारा जर ही तीन दुखणी आपल्या आजीच्या पिढीलाही चांगली परिचित होती. वाघोडिया तालुक्यातील खेड्यांतून माझ्याकडे येणाऱ्या माता कांजिण्यांना ‘अछबडा’ म्हणतात, आणि नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो ही समजूत मी मराठी घरांइतकीच गुजराती घरांतही ऐकलेली आहे. नावे आणि समजुती निराळ्या असल्या तरी या तिन्ही दुखण्यांचे कूळ एक आहे. हर्पिस कुळातील नऊ विषाणू माणसाला बाधतात. हर्पिस सिम्प्लेक्स १ व २, कांजिण्या-नागिणीचा व्हॅरिसेला झोस्टर, एप्स्टाइन बार, सायटोमेगॅलो, सहाव्या क्रमांकाचे ‘अ’ आणि ‘ब’, सातवा आणि आठवा. यांपैकी बहुतेकांशी आपली गाठ बालपणीच पडते. म्हणून इतर कोणत्याही विशेषज्ञापेक्षा बालरोगतज्ज्ञाचा या कुळाशी संबंध अधिक.

या कुळाचा एक स्वभाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. एकदा शरीरात शिरलेला हर्पिस विषाणू पुन्हा बाहेर पडत नाही. तो आत बिऱ्हाड करतो. सिम्प्लेक्स आणि झोस्टर हे चेतापेशींच्या गॅंग्लियनमध्ये राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीखालील सुमारे दोन तृतीयांश लोकांत सिम्प्लेक्स १ चे असे बिऱ्हाड आहे. आता प्रश्न असा की ओठाच्या त्वचेवर उतरलेला हा कण कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गॅंग्लियनपर्यंत पोहोचतो कसा? त्याला पाय नाहीत, इंधन नाही, स्वतःची कोणतीही हालचाल नाही. या प्रवासाचा वाटाड्या म्हणजे एक अवाढव्य प्रथिन. त्याची रचना गेल्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्याने उलगडली. तिचा आपल्या रोजच्या औषधयोजनेशी काय संबंध आहे, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम कणाची घडण पाहू. सर्वांत आत डीएनएची एक सलग दुपदरी साखळी, सुमारे १,५२,००० जोड्यांची. ती ज्या कवचात कोंबलेली असते त्याचा व्यास सुमारे १२५ नॅनोमीटर, आणि कोंबणे इतके घट्ट की आतील दाब सुमारे १८ वातावरणे भरतो. मोटारीच्या चाकातील हवेशी तुलना केली तर हा दाब त्याच्या सात-आठपट होतो. कवचाचा आकार वीस त्रिकोणी पृष्ठांचा, त्याला बारा टोके. अकरा टोकांवर पाच-पाच प्रथिनांची टोपी आणि बाराव्या टोकावर डीएनएच्या ये-जा करण्याचे दार. सर्वांत बाहेर मेदाचे वेष्टन. वेष्टन आणि कवच यांच्या मध्ये प्रथिनांचा जो थर असतो त्याला टेग्युमेंट म्हणतात. याला रूढ मराठी शब्द माझ्या वाचनात नाही. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली प्रसिद्ध करविलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ आठ भाषांत राज्यकारभाराचे शब्द देतो. विषाणूंची सोय तेव्हा कोण करणार? कोटाच्या कापडात आणि अंगात जसे अस्तर, तसा हा थर. म्हणून पुढे मी त्यास अस्तर असेच म्हणेन.

हे अस्तर पूर्वी निव्वळ भरण समजले जाई. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते धूसर दिसे, आणि जे धूसर दिसते त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय शास्त्रज्ञांनाही असते. या भरणातच ‘यूएल ३६’ नावाचे प्रथिन आहे. ‘यूएल’ म्हणजे विषाणूच्या जनुकमालेतील लांब अनन्य भाग, आणि ३६ हा त्या भागातील जनुकाचा अनुक्रमांक. नाव रुक्ष, परंतु आकार पाहावा. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या मिळून ५७४ होतात. यूएल ३६ ची एकच साखळी ३,१०० हून अधिक अमिनो आम्लांची आहे. विषाणू हा काटकसरी प्राणी. जागा थोडी, दाब प्रचंड. तरीही या कुळातील प्रत्येक विषाणूने हे महाप्रथिन जपले आहे. झोस्टरमध्ये त्याचा भाऊ ‘ओआरएफ २२’, सायटोमेगॅलोमध्ये ‘यूएल ४८’, एप्स्टाइन बारमध्ये ‘बीपीएलएफ १’. कोट्यवधी वर्षे वेगवेगळ्या वाटांनी उत्क्रांत झालेल्या भावंडांनी एवढा बोजा टाकून दिला नाही, यावरूनच त्याचे काम अटळ असले पाहिजे असा तर्क करता येतो.

त्या तर्काला प्रयोगाचा आधार १९८३ साली मिळाला. शिकागो विद्यापीठात बर्नार्ड रॉइझमन यांच्या प्रयोगशाळेत एक उष्णतासंवेदी उत्परिवर्तित विषाणू अभ्यासला जात होता. वाढीव तापमानात त्याची कवचे पेशीत शिरत, केंद्रकाच्या रंध्रापर्यंत येत आणि दाराशी तिष्ठत राहत. डीएनए आत सोडत नसत. तापमान उतरवले की दार उघडे. दोष या महाप्रथिनाशी निगडित होता. पुढे २००० साली हे जनुकच काढून टाकलेला विषाणू तयार करण्यात आला, तेव्हा दुसरे टोक दिसले. पेशीत नवी कवचे तयार होत, डीएनए भरला जाई. परंतु त्यांना वेष्टन मिळत नसे आणि ती पेशीरसात साचून राहत. येताना दार उघडणे आणि जाताना कोट चढविणे, दोन्ही कामे एकाच प्रथिनाकडे.

येथपर्यंतचे ज्ञान ‘काय घडते’ या स्वरूपाचे होते. ‘कसे घडते’ हे कळण्यासाठी रेणूची प्रत्यक्ष घडण दिसावी लागते, आणि त्या शास्त्रास रचनात्मक जीवशास्त्र म्हणतात. या विषयाचा आपल्या गावाशी एक धागा आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म १९५२ सालचा, चिदंबरमचा. परंतु तीन वर्षांचे असताना ते वडोदऱ्यास आले. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्याच विद्यापीठातून रामकृष्णन १९७१ साली भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. वैद्यकीय प्रवेशाची वाट खुली असताना त्यांनी ती सोडली, हे आपल्या व्यवसायबंधूंनी मनावर घेऊ नये! त्यांनी जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान घटकाची रचना २००० साली क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली आणि २००९ साली थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. त्या वेळी स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसते तेही त्यांनी दाखविले. ज्या औषधाचे इंजेक्शन आपण पिढ्यान्पिढ्या टोचत आलो, त्याचे घर तेव्हा दिसले.

स्फटिकशास्त्राची अट एकच, पण कडक. रेणूचे स्फटिक बनले पाहिजे. लाखो रेणू एकाच ठेवणीत, रांगेत उभे राहिले तरच क्ष-किरण त्यांवरून ठराविक दिशांना विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून रचना गणिताने काढता येते. काढलेली रचना योग्य आहे का, हे तपासण्यासाठी आजही मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३ साली मांडलेला आलेख वापरला जातो. रायबोसोम अवाढव्य असला तरी त्याचा गाभा घट्ट बांधलेला आहे. यूएल ३६ ची गोष्ट निराळी. ते ओल्या दोरासारखे लवचीक. मध्ये मध्ये ठाम गाठी आणि त्यांच्या दरम्यान सैल, प्रोलीनयुक्त, आकार न धरणारे भाग. अशा दोराचे संबंध स्फटिक होणे दुरापास्त. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे तुकडे केले आणि डोके, मधला भाग व शेपूट यांचा स्वतंत्र अभ्यास केला.

डोक्याची कथा सर्वांत मनोरंजक आहे. आपल्या पेशी निरुपयोगी वा बिघडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या लहानशा प्रथिनाची चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठी लागलेला माल भंगारात जातो. काही चिठ्ठ्या मात्र धोक्याची सूचना पुढे पोहोचवण्यासाठी असतात. चिठ्ठी काढून टाकणारी विकरेही पेशीत असतातच. २००५ साली हिडे प्लोएघ यांच्या गटाने एक गळ तयार केला. युबिक्विटिनच्या शेवटी असा रासायनिक आकडा जोडला की चिठ्ठी काढणारे कोणतेही विकर त्यास कायमचे अडकावे. सिम्प्लेक्स १ ने बाधित पेशींत हा गळ टाकला असता पेशीचे नसलेले एक विकर अडकून वर आले. ते यूएल ३६ चे डोके होते. क्रमवारीवरून ओळखीच्या कोणत्याही विकराशी साम्य नसल्याने तोपर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००७ साली उंदरांच्या सायटोमेगॅलो विषाणूतील भावंडाच्या डोक्याची स्फटिकरचना युबिक्विटिनसह प्रसिद्ध झाली. विकराची खाच आणि त्यात अडकलेली चिठ्ठी, दोन्ही अणूगणिक दिसली. आणि ही विकरांची एक स्वतंत्रच जात ठरली.

या डोक्याचे काम काय? डुकरांच्या स्यूडोरेबीज विषाणूत, जो याच कुळातला, २००९ साली हे विकर निकामी करून पाहण्यात आले. असा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत वाढे. प्राण्याच्या शरीरात मात्र परिघावरून चेतासंस्थेत शिरताना तो फार मागे पडला. पुढे याच विकराचा संबंध पेशीच्या प्राथमिक प्रतिकाराच्या सूचना दाबण्याशीही जोडला गेला. वाटाड्या वाट दाखवितो, शिवाय नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या हातातील चिठ्ठीही काढून घेतो.

मधल्या भागाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे अजून पुष्कळ अंधार आहे. २०१५ साली सिम्प्लेक्स १ च्या मधल्या ९७० अमिनो आम्लांचा भाग वेगळा तयार करून अभ्यासला गेला. तो लांबट, तंतूसारखा आढळला. म्हणजे डोके आणि शेपूट यांच्यामध्ये एक लांब दांडी आहे, आणि तिच्यामुळे शेपूट कवचाला बांधलेले असतानाही डोके दूरवर फिरू शकत असावे. याच सुमारास दुसऱ्या एका शोधाने दांडीचे महत्त्व वाढविले. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून माल ओढणारी डायनिन व कायनेसिन ही इंजिने धावतात. २०१३ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ग्रेगरी स्मिथ यांच्या गटाने दाखविले की यूएल ३६ चा प्रोलीनयुक्त भाग डायनिनच्या साखळीला पकडतो. डायनिन मालाला पेशीच्या टोकाकडून केंद्रकाकडे नेते. २०२१ साली त्याच गटाने आणखी एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. त्वचेच्या पेशीतून बाहेर पडताना हा विषाणू तिचे एक कायनेसिन इंजिनच आपल्या अस्तरात घेऊन निघतो, आणि चेतापेशीत शेवटचा टप्पा, म्हणजे सूक्ष्मनलिकांच्या केंद्रापासून केंद्रकापर्यंतचा, ते चोरलेले इंजिन वापरून पुरा करतो.

शेपटाचा उलगडा गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने झाला. विषाणूंचा पातळ थर द्रव इथेनमध्ये क्षणार्धात गोठवतात. पाण्याचे स्फटिक होण्यास अवधीच मिळत नाही आणि कण जसाच्या तसा काचेत बसवल्यासारखा राहतो. त्याची हजारो चित्रे घेऊन संगणक ती एकावर एक जुळवतो. या पद्धतीच्या जनकांना, म्हणजे झाक द्युबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना, २०१७ साली नोबेल मिळाले. हेंडरसन यांची केंब्रिजमधील प्रयोगशाळा तीच, जेथे आपले रामकृष्णन काम करीत. २०१८ साली कॅलिफोर्नियातील शिंगहाँग दाय व हाँग झाऊ यांनी सिम्प्लेक्स १ च्या कवचाची रचना सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंत मिळविली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्याच वर्षी चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटाने सिम्प्लेक्स २ चे कवचही दाखविले. कवचाच्या टोकाशी पाच संच बसलेले दिसले. प्रत्येक संचात यूएल १७ चा एक, यूएल २५ चे दोन आणि यूएल ३६ च्या शेपटाचे दोन धागे मळसूत्री दांड्यांच्या जुडीत एकमेकांना वळलेले. मोळी बांधताना काथ्या जसा पिळून घट्ट करतात, तशी ती गाठ आहे. मोटारीच्या चाकाच्या सातपट दाब सोसणाऱ्या कवचाला टोकाशी बळकटी देणे आणि वाटाड्याला कवचाशी बांधून ठेवणे, ही दोन्ही कामे या जुडीत दिसतात.

येथे एक सावधगिरी हवी. त्या वर्षीच्या बातम्या वाचून महाप्रथिन ‘उलगडले’ असा समज होणे शक्य होते. वास्तविक स्पष्ट दिसला तो शेपटाचा छोटासा तुकडा. उरलेला फार मोठा भाग लवचीक असल्याने प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतो आणि चित्रे जुळविताना पुसला जातो. ज्या संगणकीय पद्धतीस २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ती अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज देते, आणि गाठींच्या बाबतीत तो अंदाज चांगला असतो. सैल दोराला मुळात एक आकारच नसेल तर संगणकाने तरी कोणता सांगावा?

आता चिकित्सेकडे वळतो. कारण हे सर्व वाचून ‘डॉक्टर, आमच्या रुग्णाचे काय?’ असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे तालुक्यातील एका खेड्यातून सोळा दिवसांची मुलगी आली. प्रसूती सुखरूप, वजन चांगले. आदल्या दिवसापासून दूध ओढेना, आणि त्या सकाळपासून एका बाजूची पापणी व ओठ थरथरत होते. ताप जेमतेम. अंगावर एकही फोड नाही, आईला कसलाही त्रास झालेला नाही. मणक्यातील द्रवात लिंफोसाइट पेशी आणि प्रथिन वाढलेले होते. जिवाणूंसाठीच्या प्रतिजैविकांबरोबर त्याच रात्री असायक्लोव्हिर सुरू केले. द्रवाच्या पीसीआर तपासणीचा अहवाल पुढे चौथ्या दिवशी आला, सिम्प्लेक्स विषाणू असल्याचा. नंतर निवांत विचारपूस करताना कळले की सहाव्या दिवशी छठीच्या समारंभात, गुजराती रीतीप्रमाणे, नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे आत्याचा होता. तिने बाळाचे पुष्कळ पापे घेतले होते आणि तिच्या ओठावर तेव्हा जर होता. तोच उगम असे सिद्ध करता येत नाही. नवजातातील बहुतेक संसर्ग प्रसूतिमार्गात होतात. जन्मानंतर घरातील व्यक्तीकडून होणारे सुमारे दहा टक्के. परंतु काळाचा हिशेब जुळत होता. मुलीस एकवीस दिवस शिरेतून औषध दिले, नंतर सहा महिने तोंडावाटे. ती आज शाळेत जाते. डावा हात किंचित दुबळा आहे.

या मुलीच्या संदर्भात प्रवासाचा हिशेब करून पाहू. अक्षतंतूतून विषाणूचे कवच सेकंदाला सुमारे एक ते दोन मायक्रोमीटर वेगाने सरकते, असे सजीव चेतापेशींच्या चित्रणात आढळले आहे. नवजाताच्या ओठापासून गॅंग्लियनपर्यंत पाच सेंटीमीटर अंतर धरले आणि कमी वेग घेतला, तर सलग प्रवासास सुमारे चौदा तास लागतात. पापा घेतला सकाळी, आणि पहिले कण रात्रीपर्यंत गॅंग्लियनमध्ये! या चौदा तासांत आपल्या हाती कोणते औषध आहे? कोणतेही नाही. असायक्लोव्हिर हे गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेले औषध, ज्या १९८८ च्या नोबेलच्या मानकरी होत्या. औषध म्हणून ते अप्रतिम आहे. विषाणूच्याच थायमिडीन कायनेजने त्याला जागृत करावे लागते, म्हणून निरोगी पेशींना त्याचा उपद्रव अल्प. मात्र ते बसते विषाणूच्या डीएनए बनविणाऱ्या विकरावर. म्हणजे कवच केंद्रकाच्या दाराशी येऊन, डीएनए आत सोडून, नव्या प्रती काढू लागल्यावरच त्याचे काम सुरू होते. वाटाड्याचे काम तोवर संपलेले असते. आणि जो डीएनए गॅंग्लियनमध्ये स्वस्थ पडून आहे, प्रती काढतच नाही, त्याला असायक्लोव्हिर स्पर्शही करत नाही. ओठावरचा जर वर्षानुवर्षे पुन्हा का येतो, या रुग्णांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

मग उशिराने मिळणाऱ्या या औषधाने जीव कसे वाचतात? कारण मेंदूचा नाश पहिल्या आलेल्या मूठभर कणांनी होत नाही. त्यांच्या प्रती निघून पेशीमागून पेशी पडत गेल्याने होतो. प्रत्येक नव्या कणाबरोबर नवा वाटाड्या बाहेर पडतो. प्रती थांबल्या की वाटाडेही थांबले. म्हणून येथे तासांना किंमत आहे. उपचाराविना शरीरभर पसरलेल्या नवजात हर्पिसमध्ये सुमारे ८५ टक्के आणि केवळ मेंदूच्या आजारात सुमारे ५० टक्के बालके एका वर्षाच्या आत दगावत. उच्च मात्रेच्या असायक्लोव्हिरने हे आकडे अनुक्रमे सुमारे २९ आणि ४ टक्क्यांवर आल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. मात्रा आपणा सर्वांस ठाऊक असेलच, तरी तरुण सहकाऱ्यांसाठी नोंदवतो : दर किलोस दिवसाला ६० मिलिग्रॅम, तीन भागांत, प्रत्येक मात्रा तासाभरात सावकाश, पाण्याचे प्रमाण राखून. मेंदूत वा शरीरभर आजार असेल तर किमान २१ दिवस आणि शेवटी द्रवाचा पीसीआर नकारात्मक आल्याची खात्री. फक्त त्वचा, डोळे, तोंड एवढ्यापुरता असेल तर १४ दिवस. क्रिएटिनिन आणि न्यूट्रोफिल पेशींवर लक्ष हवे. फोडांची वाट पाहू नये. मेंदूचा आजार असलेल्या कित्येक नवजातांत फोड दिसतच नाहीत.

मोठ्या मुलांतही हाच नियम आपल्या भागात विशेष लागू पडतो, आणि त्याचे कारण निराळ्याच विषाणूत आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला गेलेला विषाणू पुण्याच्या विषाणू संस्थेने शोधला. २००४ साली गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत त्याने मुलांचे बळी घेतले, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तो पुन्हा आला. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा सिद्ध झाला व त्यांतील ६१ गुजरातमधील होते. या विषाणूकडे अवघी पाच प्रथिने. त्याला बिऱ्हाड करायचे नाही, लपायचे नाही, महाप्रथिनाचा बोजा वाहायचा नाही. तो एक-दोन दिवसांत मुलाला घेऊन जातो. त्यावर खास औषध नाही. म्हणूनच झटके व ग्लानी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलात, चांदीपुराची दाट शंका असली तरी, सिम्प्लेक्स नाही हे कळेपर्यंत असायक्लोव्हिर चालू ठेवणे भाग आहे. भोवती साथ असताना उपचार होऊ शकणारा एक रुग्ण त्या गर्दीत हरवणे फार सोपे असते.

वाटाड्यालाच अडविणारे औषध निघेल का? आज बाजारात असे औषध नाही. सायटोमेगॅलोसाठी २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेटरमोव्हिर डीएनए कवचात भरणाऱ्या यंत्रणेवर काम करते, तर त्याच वर्षी जपानमध्ये नागिणीसाठी आलेले अमेनामेव्हिर डीएनएचे पदर उलगडणाऱ्या विकरावर. दोन्ही असायक्लोव्हिरप्रमाणेच केंद्रकात पोहोचल्यानंतरची. यूएल ३६ च्या डोक्यातील खाच औषधाच्या दृष्टीने आकर्षक दिसते, कारण मानवी विकरांशी तिचे साम्य कमी आहे. मात्र माझ्या मते अडचण काळाची आहे. चौदा तासांच्या प्रवासात अडवायचे तर औषध पापा घेण्यापूर्वी शरीरात हवे, आणि आपल्याकडे बाळ येते ते दहा दिवसांनी. शेपटाची जुडी सैल करणारा रेणू मिळाला तर निदान नव्या कणांना कोट चढणार नाही. ही कल्पना मला अधिक व्यवहार्य वाटते, जरी एका विकराची खाच बुजविण्यापेक्षा वळलेली मोळी सोडविणे रसायनशास्त्रज्ञांना नेहमीच कठीण जाते.

या संशोधनाचा दुसरा फाटा लशीकडे जातो, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे लक्ष तिकडे अधिक आहे. कांजिण्यांची जी लस आपण देतो तिचा ओका वाण जपानमध्ये मिचियाकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केला. लस उत्तम आहे. तरीही लशीतील दुबळा विषाणूदेखील चेतापेशीत बिऱ्हाड करू शकतो, आणि क्वचित त्यापासून नागीण झालेली मुले वर्णिलेली आहेत. वाटाड्याच आंधळा करून सोडलेला विषाणू त्वचेत वाढेल, प्रतिकारशक्ती जागवेल, परंतु चेतामार्गाने वर जाणार नाही, असा विचार त्यातून पुढे आला. यूएल ३६ चा अस्तरातील जोडीदार यूएल ३७ आहे. त्याच्या पृष्ठभागावरील एक भाग बदलला की विषाणू अक्षतंतूत दिशा हरवतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो बदल केलेला सिम्प्लेक्स १ चा विषाणू लस म्हणून दिला असता गिनीपिगांना सिम्प्लेक्स २ च्या जननेंद्रियाच्या आजारापासून संरक्षण मिळाल्याचा अहवाल २०२० साली आला. प्रसूतिमार्गात बाळाला होणारा संसर्ग आईच्या याच आजारातून होतो.